एका भांड्यात दोन जबडे

माणूस भेटला की झेन्झी लेर्खनर आधी त्याच्या दातांकडे बघायची. खोड वाईट, हे तिला कळत होतं. रविवारी चर्चमध्ये फादर स्वर्गाबद्दल सांगायचे आणि ही पहिल्या बाकावरून त्यांच्या खालच्या उपदाढा मोजायची. पण जिनं चाळीस वर्षं हरणांची तोंडं उघडून वय सांगितलं, त्या बाईनं माणसाकडे बघताना डोळे कुठे ठेवावेत, तुम्हीच सांगा.

तिचं काम असं. मे ते ऑक्टोबर खोऱ्यातले शिकारी जे नर मारायचे त्यांची मुंडकी तिच्याकडे यायची. इथलं हरीण लहानखुरं, आपल्या भेकराला थोरला भाऊ असावा तेवढं. झेन्झी मुंडकं सोलायची, करवतीनं नाकाकडचा भाग वरच्या दातांसकट कापून टाकायची, खालचा जबडा सुटा करायची आणि सगळं मागच्या धुण्याच्या खोलीत मोठ्या भांड्यात उकळायची. मग शिंगांसकट पांढरीशुभ्र कवटी आणि तिला तारेनं बांधलेला तिचाच जबडा, असा जोड परत जायचा.

हे सगळं कशासाठी, तर फेब्रुवारीतल्या प्रदर्शनासाठी. पोस्टाशेजारच्या हॉटेलच्या हॉलमध्ये, वर्षभरात पडलेला प्रत्येक नर भिंतीवर लागायचा. लावायलाच लागायचा, त्यात कुणाला सूट नाही. तिघांची समिती जबडे तपासून चिठ्ठीवर ठिपका चिकटवायची. नर म्हातारा असेल तर हिरवा, वर्षाचा आणि किडकिडीत असेल तरी हिरवा. पण दोन ते चार वर्षांचा, ऐन उमेदीतला मारला असेल तर लाल. एवढासा कागद, पण त्या खोऱ्यात माणसाची अब्रू त्याच्यावर टांगलेली. लाल ठिपकेवाल्याला पुढच्या वर्षी नर मिळायचा नाही, आणि बियर पिताना बारा महिने टोमणे ऐकावे लागायचे ते वेगळेच.

शिंगांवरून वय कळत नाही, हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. लोरेन्झ खोऱ्याचा वनराखा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिचा अंगठा धरून एका पाडसाच्या जबड्यावर ठेवला होता. "मोज. हरणाला एका बाजूला तीन उपदाढा. तुला मला दोन, कोल्ह्याला चार. आता तिसरी बघ. किती भाग आहेत?" तीन होते. "ही दुधाची. वर्ष उलटलं की ही पडते, आणि जागेवर येते ती दोन भागांची. मग ती वर्षावर्षानं झिजत जाते. शिंगं काय, चांगलं खाल्लं तर वाढतात, म्हातारपण आलं की आटतात. शिंगं बढाया मारतात गं, उपदाढ मारत नाही." तरण्या नवऱ्यानं बायकोला काय काय सांगायचं असतं, आणि हा सांगत होता दाढा. पण झेन्झीला तेच आवडलं. तिच्याशी कधी कुणी एवढं लक्ष घालून बोललंच नव्हतं.

पोरबाळ झालं नाही. लोरेन्झ जाऊन एकोणीस वर्षं झाली, हृदय बंद पडलं, जिन्यावरच. घर खोऱ्याच्या वरच्या टोकाला, त्याच्या पलीकडे फक्त कुरणं आणि देवदार. लोरेन्झ गेल्यावर तिच्याकडे उरली ती मुंडकी. ती होती म्हणून दार वाजायचं, एरवी कोण येतंय. तेही कसं येणं? पहाटे गाडीचा आवाज व्हायचा, दगडी पायरीवर बादली टेकायची, "ठेवली गं झेन्झी," आणि ती शाल ओढून दारापर्यंत पोचेस्तोवर गाडी वळणापलीकडे. न्यायला यायचे तेव्हाही तसंच. दारात उभं राहून पैसे द्यायचे, जबड्याकडे बघून "किती?" विचारायचं, ती "सहा" म्हणायची, की निघाले. तिच्या शब्दावर कुणी हुज्जत घालत नसे. झेन्झीचा जबडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खुद्द गॉटफ्रीड म्हणायचा, आणि गॉटफ्रीड समितीचा प्रमुख, कौतुक करायचं तर त्याचं तोंड दुखायचं. मान एवढा मोठा होता, पण मानाबरोबर दोन घटका गप्पा मारता येत नाहीत. हिवाळ्यात तर कधी कधी आठ-आठ दिवस तिचा आवाज तिलाच ऐकू यायचा नाही, मग ती मुद्दाम चुलीला शिव्या घालायची.

मागल्या ऑगस्टमधली गोष्ट. पहाटे डॉक्टर टाउबरांची बादली आली. हे खालच्या शहरातले दातांचे डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी शिकारीच्या गटात आलेले. माणूस हसरा. झेन्झीचे खालचे शेवटचे दोन दात, उजवीकडच्या दोन उपदाढा, त्यांनीच वाचवल्या होत्या. "बाई, या दोघींवर तुमचं सगळं जेवण चाललंय, यांना जपा," असं म्हणायचे. बादलीतल्या मुंडक्याची शिंगं दणदणीत होती, उंच, जाड, दाणेदार. झेन्झीनं मुंडकं सोललं, नाक कापलं आणि भांडं चढवलं. दात ती नेहमी उकळल्यावरच वाचायची, मांस गळून पडल्यावर.

दहाच्या सुमाराला कास्पार झांटनर आला. ओढ्यापलीकडच्या उतारावर एकटाच राहायचा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको हेडविग जाऊन सहा वर्षं झालेली. पन्नास वर्षांत त्याच्या चिठ्ठीवर लाल ठिपका लागलेला नव्हता. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं, त्यामुळे मुंडकं पाठीवरच्या पिशवीत घालून तो उन्हातून चढून आला होता.

"झेन्झी, कॉफी आहे का गं? की तुझ्या घरात नुसती मुंडकीच शिजतात?"

"आहे. पण उभ्या माणसाला मी कॉफी देत नाही."

"बसतो की. गुडघे कधीचे विनवण्या करतायत."

आणि तो बसला. स्वयंपाकघरात, लोरेन्झच्या जागेवर नाही, खिडकीजवळच्या खुर्चीवर. ईस्टरनंतर त्या घरात बसलेला तो पहिला माणूस. झेन्झीनं कॉफी ओतली, मनुकांचा पाव कापला, आणि हात रिकामे राहिले तर कसं दिसेल म्हणून त्याचं मुंडकं मांडीवर घेऊन सोलायला लागली. त्या खोऱ्यात यात कुणाला वावगं वाटत नाही.

"तीन वर्षं याच्या मागावर होतो," कास्पार म्हणाला. "म्हातारा आहे. सात तरी असेल. शिंगं आटली बिचाऱ्याची, पण मी ओळखतो त्याला. पुढचा डावा पाय जरा टाकून चालायचा."

झेन्झीनं शिंगांकडे पाहिलं. बारीक, आखूड, वीतभरही नाहीत. मग कास्पारकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत दुधाळ पडदा आला होता, ऑक्टोबरात मोतीबिंदू काढायचा होता. चुकला बिचारा, तिला वाटलं. दोन वर्षांचं पोर मारलं यानं, आणि म्हातारं म्हणतोय.

त्याच क्षणी अंगठा घालून तोंड उघडलं असतं तर खरं-खोटं कळलं असतं. तिनं नाही उघडलं. उघडून आत कोवळी उपदाढ दिसली असती तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर तो उठून गेला असता. म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि हात आपलं काम करत राहिले. जबडा न बघताच सुटा केला, करवतीनं नाकाचा तुकडा कापला, मागच्या दारातून देवदाराखालच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकला. तिथे मुंग्या ते साफ करायच्या आणि वसंतात झेन्झी त्या हाडांची भुकटी करून बोरांच्या झुडपांना घालायची.

तिचा स्वतःचा एक नियम होता: एक मुंडकं, एक भांडं. कधी मोडलेला नव्हता. दुसरं भांडं चढवायचं तर अंगणातून लाकडं आणा, दुसरी चूल पेटवा, अर्धा तास गेला. आणि कास्पार नुकता हेडविगबद्दल बोलायला लागला होता. हेडविगचा आवाज कसा होता ते आता नीट आठवत नाही, सुरुवात आठवते, पुढचं हरवतं, असं काहीतरी. झेन्झीला लोरेन्झचा आवाजही असाच हरवला होता आणि ते तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. लाकडं आणायला कोण उठतंय? तिनं मागच्या खोलीत जाऊन कास्पारचं मुंडकं आणि सुटा जबडा डॉक्टरांच्याच भांड्यात सोडला आणि परत येऊन बसली. तो दोन तास थांबला. निघताना म्हणाला, "बरं वाटलं गं." त्या दोन शब्दांवर तिनं पुढचे कितीतरी दिवस काढले.

संध्याकाळी भांड्यातून दोन कवट्या आणि दोन जबडे निघाले. कवट्यांच्या शिंगांवर चिठ्ठ्या होत्या. जबड्यांवर कसली चिठ्ठी? एक जबडा झिजून सपाट झालेला, सात-आठ वर्षांचा. दुसऱ्याच्या उपदाढा पांढऱ्या, टोकदार, दोन वर्षांच्या. कुणाचा कुठला? झेन्झीनं फार विचार केला नाही. दणदणीत शिंगांना म्हातारा जबडा बांधला, बारक्या शिंगांना कोवळा. चाळीस वर्षं जिनं लोकांना सांगितलं की शिंगांवर जाऊ नका, ती स्वतः शिंगांवर गेली. वर कास्पारची कीव करत राहिली. दुसऱ्या दिवशी जाळीतले तुकडे काढून पाहिले असते तरी उलगडा झाला असता, पण ज्याला खात्री असते त्याला शोधायची बुद्धी होत नाही. कास्पार जोड न्यायला आला तेव्हा तिनं तो कागदात गुंडाळून दिला. "किती?" तो म्हणाला. "समिती बघेल," ती म्हणाली. यापूर्वी असं उत्तर तिनं कुणालाच दिलं नव्हतं. त्यानं जोड पिशवीत टाकला आणि निघाला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी समितीनं ठिपके लावले. झेन्झी दरवर्षीसारखी हॉलच्या कोपऱ्यात, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली बसली होती. कुणीतरी तिच्यासाठी सूप पाठवलं होतं. गॉटफ्रीड एकेक चिठ्ठी वाचत होता. डॉक्टर टाउबर, आठ वर्षं, हिरवा, आणि खोऱ्यातला सगळ्यात म्हातारा नर म्हणून टोपीत खोचायला देवदाराची डहाळी. टाळ्या झाल्या.

"कास्पार झांटनर. दोन वर्षं. लाल."

कास्पार टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मला सात वर्षांचा वाटला होता," तो म्हणाला.

"अरे, मोतीबिंदूवाल्याला सगळेच म्हातारे दिसतात," गॉटफ्रीड म्हणाला. लोक हसले. गॉटफ्रीडला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "पंच्याहत्तरीनंतर माणसानं स्वतःहून समजावं, कास्पार. आम्हाला बोलायला लावू नये."

"सोमवारी उताराची किल्ली आणून देतो," कास्पार म्हणाला. किल्ली म्हणजे त्याच्या हद्दीतल्या मचाणाची. ती दिली की बंदूकही भिंतीवरच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो जाकीट शोधायला कोपऱ्यात आला, झेन्झीसमोरून हात घालून जाकीट काढलं, आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

झेन्झीनं सूप बाजूला ठेवलं. उठून ती भिंतीपाशी गेली. बारक्या शिंगांची कवटी आता तिच्या डोळ्यांच्या रेषेत होती, वरून दिवा पडत होता. आणि तिला खुंट दिसले. शिंगाखाली कवटीचाच हाडाचा खुंट असतो, कोवळ्या नराचा उंच आणि बारीक, म्हाताऱ्याचा आखूड आणि जाड. हे आखूड होते. जाड होते. समितीनं वर बघितलंच नव्हतं. झेन्झीचा जबडा असताना बघायचं कशाला? तिच्यावरच्या विश्वासानंच कास्पारचा गळा कापला होता.

रविवारी उजाडल्या उजाडल्या ती देवदाराखाली गेली. जाळीवरचं बर्फ फावड्यानं काढलं. वरचे तुकडे ऑक्टोबरचे, त्याखाली सप्टेंबरचे. ऑगस्टच्या थरातले पाच तुकडे तिनं दुधाच्या बरणीत घातले, बोटं बधिर झाली होती. चर्चमधली प्रार्थना सुटायच्या आत ती हॉटेलात पोचली. भांडी घासणाऱ्या बाईनं हॉल उघडून दिला आणि गेली.

करवतीचा काप म्हणजे काप. दोन कडा एकमेकींच्या असतील तर जुळतात, नाहीतर नाही. तिसरा तुकडा कास्पारच्या कवटीला लावला आणि भेग दिसेनाशी झाली. त्या तुकड्यातल्या वरच्या उपदाढा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पाचवा डॉक्टरांच्या कवटीला बसला. त्यातल्या उपदाढांची टोकं अंगठ्याला टोचली.

हॉलमध्ये शेगडी पेटलेली होती. झेन्झी ते दोन तुकडे हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या मनात नको ते आलं. का येऊ नये? ती काही संत नव्हती. शहरात एका तरुणानं कवट्या साफ करायचं विजेवरचं यंत्र घेतलं होतं, गॉटफ्रीडच्या मागे लागला होता की सगळी मुंडकी माझ्याकडे द्या. झेन्झीच्या हातून चूक होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचं दार वाजत होतं. तुकडे आत टाकले तर दार वाजत राहील, पण कास्पार किल्ली देईल, आणि मुंडकं घेऊन तो काही परत येणार नाही. सांगितलं तर कास्पारची अब्रू वाचेल, आणि मग तिच्या दाराशी कुणीच येणार नाही. कसंही केलं तरी घर रिकामंच. आज ना उद्या मरायचंच आहे, पण त्याआधीची वर्षं कुणाशी बोलायची, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो कुणाला विचारावा तेही तिला कळेना. तिनं शेगडीचं झाकण एकदा उघडलं. मग बंद केलं.

अकरा वाजता हॉल भरला. कास्पार आला होता, भिंतीवरचा आपला जोड न्यायला, मागे दाराशी उभा होता. गॉटफ्रीड बोलायला उठायच्या आत झेन्झी त्याच्या टेबलापाशी गेली.

"गॉटफ्रीड, तो लाल ठिपका काढ."

"का गं बाई?"

"जबडे बदललेत. कास्पारला बांधला तो डॉक्टरांचा. डॉक्टरांना बांधला तो कास्पारचा. बांधणारी मी."

तिनं दोन्ही कवट्या उतरवून टेबलावर ठेवल्या आणि तुकडे लावून दाखवले. समितीतले तिघेही वाकले. गॉटफ्रीडनं खिशातला दिवा काढला, काप बघितला, उपदाढा बघितल्या, पुन्हा काप बघितला. डॉक्टर टाउबर पुढे आले. चष्मा लावून त्यांनी आपल्या नराच्या तुकड्यात बोट फिरवलं.

"ही तर काल आल्यासारखी आहे," ते म्हणाले. "दिवसभर लोकांच्या उपदाढा बघतो मी. आणि याच्या तोंडात एकदाही डोकावलो नाही. शिंगं बघून खूश झालो." त्यांनी टोपीतली डहाळी काढून टेबलावर ठेवली. चेहरा उतरला होता, पण माणूस खोटा नव्हता.

गॉटफ्रीड मात्र झेन्झीकडे बघत होता. "पण असं झालंच कसं? तुझं तर एक मुंडकं, एक भांडं."

"त्या दिवशी दोन घातली."

"का?"

इथे ती म्हणू शकली असती की वय झालं, डोळे गेले, विसरले. लोकांनी मान डोलावली असती. पण सगळं आयुष्य खरं वय सांगण्यात गेलेलं, आता खोटं कारण जिभेवर येईना.

"कास्पार बसला होता," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात. दोन तास. ईस्टरपासून कुणी बसलं नव्हतं. दुसरी चूल पेटवायला उठले असते तर तो गेला असता, म्हणून नाही उठले. त्याच्या मुंडक्याचं तोंडसुद्धा उघडलं नाही त्याच भीतीनं. तेवढंच कारण."

कुणी हसलं नाही. निदान लगेच नाही. मग मागच्या बाकावरून एकजण खुसखुसला, "दोन तास? काय रे कास्पार, साखर विरघळत नव्हती का?" आणि हॉलभर हशा पसरला, वाईट नव्हता तसा, पण हशाच. कास्पार कानापर्यंत लाल झाला.

ठिपके बदलले. डहाळी कास्पारला मिळाली, ती त्यानं टोपीत खोचली नाही, खिशात घातली. गॉटफ्रीडनं झेन्झीला बाजूला घेऊन, त्याच्या मानानं बऱ्याच हळू आवाजात, सांगितलं की पुढल्या हंगामापासून मुंडकी शहरात जातील. "राग नको मानूस. पण एकदा शंका आली की आली."

"बरोबर आहे," झेन्झी म्हणाली.

बाहेर पायरीवर कास्पार थांबला होता.

"डोळे गेले म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "सोडून दिलं असतं त्यांनी."

"माझे डोळे चांगले आहेत."

"झेन्झी, आता मला महिनाभर ऐकवतील ते."

"हो. ऐकवतील."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो टोपी सारखी करून ओढ्याच्या रस्त्याला लागला.

महिनाभर नाही, तीन महिने ऐकवलं. कास्पार पाव घ्यायला गेला तरी दुकानात विचारायचे, आज किती वेळ बसणार म्हणून. झेन्झीपर्यंत हे सगळं पोचायचं, वाईट गोष्टींना पाय लांब असतात. तिच्या घरावरून जाणारी वाट सोडून तो आता खालच्या पुलावरून जातो, हेही पोचलं. तिला राग आला नाही. दुःख झालं, आणि ते तिनं चुलीला सांगितलं.

मे महिन्याच्या सोळा तारखेला हंगाम उघडला. पहाटे ओढ्यापलीकडे गोळी वाजली. कास्पारच्या बंदुकीचा आवाज ती ओळखायची, जुनी बंदूक, जरा घोगरी. दार वाजलं तर ऐकू यावं म्हणून त्या दिवशी ती बागेत गेली नाही. मुंडकं शहरात जाणार हे माहीत असूनही गेली नाही. दुपारी गाडीचा आवाज झाला आणि वळणाखालूनच परत गेला. दुसरा दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुण्याच्या खोलीला कुलूप घातलं, चर्चला जायचा झगा अंगावर चढवला, आणि निघाली. ओढा ओलांडला, उतार चढला. या वाटेनं ती हेडविगच्या प्रेतयात्रेला आली होती, त्यानंतर नाही. खरं तर ती कुणाच्याच घरी गेली नव्हती कधी. लोकांनी यावं आणि आपण दारात असावं, एवढंच तिला येत होतं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. शेजारच्या कुरणात गवत कापणाऱ्या दोन बायका काम थांबवून बघत राहिल्या. झेन्झीनं त्यांना मुद्दाम, मोठ्यानं नमस्कार केला.

कास्पारनं दार उघडलं. मोतीबिंदू निघाल्यावर त्याचे डोळे निळे झाले होते, हे तिनं आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं. "काही झालंय का?"

"काही नाही," झेन्झी म्हणाली. चढणीनं तिला दम लागला होता. "बसायला आले."

तो दारातच उभा राहिला. तिच्या खांद्यावरून त्यानं कुरणाकडे पाहिलं, तिथल्या दोघी अजून बघत होत्या. मग तो आत वळला. टेबलाशी एकच खुर्ची होती. तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलून त्यानं जमिनीवर ठेवली आणि स्वतः लाकडाच्या पेटीवर बसला.